हक्कसोड आणि ऋणसोड : सख्ख्या भावाला क्षमा केली हे कशावरून ओळखायचे?

जुनी_चिंच (धागाकर्ती)

दर रविवारी उपासनेत प्रभूची प्रार्थना सुरू झाली की एका वाक्यापाशी माझा आवाज बंद पडतो. "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड." शेजारच्या बायकांना वाटते की मला खोकल्याची उबळ आली असावी. खरे कारण व्याकरणाचे आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातील हे वाक्य आपल्या मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, 'सोडू' किंवा 'सोडत आहोत' असे येत नाही. ते 'सोडले आहे' असे येते, म्हणजे आपल्या वाटचे काम आधी उरकायचे आणि मगच मागणे मागायचे. माझे काम उरकलेले नाही.

हकीकत थोडक्यात सांगते. आम्ही नगरचे. वडील २००६ साली मृत्युपत्र न करता वारले. आम्हा ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. त्यानुसार विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले मुलामुलींना सारखे मिळते, त्यामुळे आई, भाऊ आणि मी अशा तिघांचा घरावर समान वाटा होता. भाऊ म्हणाला की घर एकाच्या नावावर असले तर कर्ज काढून वर मजला चढवता येईल आणि आई शेवटपर्यंत त्याच घरात राहील. या शब्दावर विसंबून २००७ साली आई आणि मी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात गेलो आणि हक्कसोडपत्रावर सह्या करून आलो. एक रुपयाही घेतला नाही. परतताना भावाने आम्हा दोघींना उसाचा रस पाजला. ही गोष्ट मी विसरले असते तर बरे झाले असते. २०११ साली त्याने घर विकले. आईला ही बातमी घर पाहायला आलेल्या माणसांकडून कळली. दोन ट्रंका आणि शिवणयंत्र घेऊन ती माझ्याकडे आली, आठ वर्षे राहिली आणि २०१९ साली प्रभूमध्ये निजली. दफनाच्या वेळी भाऊ आला, त्याने मूठभर माती टाकली आणि तो कोणाशीही न बोलता निघून गेला.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. मुलीचे लग्न ठरले आहे. "आत्याशिवाय लग्न कसे व्हायचे? झाले गेले गंगेला मिळाले, आता सगळे विसरून ये," असे तो म्हणाला.

क्षमा करावी की करू नये, हे मला विचारायचे नाही. ख्रिस्ती माणसाला त्या प्रश्नाचे उत्तर लहानपणी शब्बाथ शाळेतच मिळालेले असते. क्षमा केली म्हणजे नेमके काय केले आणि ती झाली हे कशावरून ओळखायचे, एवढेच मला समजून घ्यायचे आहे. लग्नाला गेले म्हणजे क्षमा झाली का? गेले नाही तर झाली नाही का? कृपया 'जाऊ दे, सोडून दे' असे कोणी लिहू नये. ते सांगणारे घरात पुष्कळ आहेत.

कीस_पाडणारा

प्रथम कोरडी बाजू सांगतो, म्हणजे तो विषय बाजूला पडेल. फसवून करून घेतलेला दस्त रद्द करून मागण्याची मुदत साधारणपणे फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची असते. घर विकले गेल्याचे आपल्याला २०११ साली कळले आहे. शिवाय आईला सांभाळण्याचे आश्वासन तोंडी होते, हक्कसोडपत्रात त्याचा उल्लेख नसणार. तेव्हा न्यायालयाचा रस्ता जवळपास बंद आहे असे धरून चालावे. मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे पुढची चर्चा फक्त वाचेन. मात्र एक शंका नोंदवून ठेवतो. ज्याच्याकडून वसुली होण्याची शक्यताच उरलेली नाही, त्याचे ऋण सोडण्यात सोडले काय?

जुनी_चिंच

शंका बोचरी आहे, पण रास्त आहे. न्यायालयात मला कधीच जायचे नव्हते, कारण आई हयात असताना तिला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करणे मला जमले नसते. वसुली मात्र माझी चालूच आहे. नात्यातल्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला, कोणी भावाचे नाव काढले की मी ही हकीकत सांगते, आणि समोरच्याचा चेहरा बदलला की मला एक हप्ता मिळाल्यासारखे वाटते. हे इथे लिहिताना पहिल्यांदाच माझ्या ध्यानात आले.

वाडवळ_वसई

ताई, आम्ही वसईचे कॅथलिक. आमच्याकडे हीच प्रार्थना ऋणांऐवजी अपराधांच्या शब्दांत म्हटली जाते, त्यामुळे तुमचे 'ऋण' वाचून मी थबकलो. लूकच्या अकराव्या अध्यायात दोन्ही शब्द एकाच ओळीत आले आहेत : देवाकडे मागताना 'पापे' आणि माणसांविषयी बोलताना 'ऋणी'. म्हणजे तुमचा आणि आमचा पाठ मिळून ते वाक्य पुरे होते.

आमच्या पापनिवेदनाबद्दल बाहेर असा समज आहे की आत जाऊन सांगितले, फादरांनी पापमुक्ती दिली आणि माणूस कोरा होऊन बाहेर आला. शिकवण तशी नाही. पश्चात्ताप, कबुली आणि भरपाई असे त्याचे भाग आहेत, आणि चोरलेली वस्तू शक्य असेल तर परत केलीच पाहिजे असे धर्मशिक्षणात स्पष्ट सांगितले आहे. पापमुक्तीने पाप जाते, पण पापाने केलेली मोडतोड आपोआप दुरुस्त होत नाही. लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला जकातदार जक्कय आठवा. येशू त्याच्या घरी उतरला तेव्हा अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट, असे तो स्वतःहून म्हणाला. तेव्हा तुम्ही क्षमा केलीत तरी तुमच्या भावाचे देणे त्याच्या बाजूने शिल्लकच राहते. ते फेडायचे की नाही, हा त्याचा आणि देवाचा मामला झाला.

आणखी एक सांगतो. मिस्सामध्ये, म्हणजे आमच्या रविवारच्या उपासनेत, ही प्रार्थना झाल्यावर आणि प्रभुशरीर स्वीकारण्याआधी आम्ही शेजाऱ्याला शांतीची खूण देतो. आमच्या चर्चमध्ये दोन चुलत भाऊ वर्षानुवर्षे अशा बाकांवर बसत की त्या क्षणी एकमेकांच्या वाट्याला येऊ नये. सगळ्या गावाला ते ठाऊक होते. मी हसायचो, मग एके रविवारी माझ्या ध्यानात आले की मीही एका माणसाला टाळून बाक निवडतो.

बिनधास्त_बेरियन

मला इथे एक अप्रिय मुद्दा मांडायचा आहे. लूक १७:३ मध्ये प्रभू म्हणतो की तुझ्या भावाने अपराध केला तर त्याला धमकाव आणि त्याने पश्चात्ताप केला तर त्याला क्षमा कर. यातला 'तर' आपण सोयीस्करपणे गाळतो. ताईंच्या भावाने 'चुकलो' हा शब्द उच्चारलेला नाही. उलट 'सगळे विसरून ये' अशी आज्ञा केली आहे. पश्चात्तापाशिवाय देवसुद्धा क्षमा करत नाही, मग ताईंनी देवापेक्षा उदार का व्हावे?

योसेफाचे उदाहरण तर पाठच असेल. सतराव्या वर्षी भावांनी त्याला विकले. ते धान्यासाठी मिसर देशात आले तेव्हा तो चाळिशीच्या उंबरठ्यावर होता आणि अधिकाराच्या खुर्चीवर होता. त्याने भावांना पाहताच मिठी मारली का? त्याने त्यांना हेर ठरवले, शिमोनाला बांधून ठेवले, बन्यामिनाच्या गोणीत चांदीचा प्याला लपवला. जुना प्रसंग त्याने पुन्हा घडवून आणला : धाकटा भाऊ संकटात, आणि त्याला टाकून घरी जाण्याची मोकळीक. ज्या यहूदाने पूर्वी 'याला विकू या' म्हटले होते, तोच 'याच्याऐवजी मला दास करा' म्हणाला, तेव्हा कुठे योसेफाला रडू आवरेना. मेजवानीचे आमंत्रण म्हणजे पश्चात्ताप नव्हे.

निवृत्त_पाळक

चाळीस वर्षे मंडळ्यांची सेवा करून आता घरी बसलो आहे, म्हणून सवडीने लिहितो.

बेरियन यांचा लूकमधला 'तर' खरा आहे. पण मार्कच्या अकराव्या अध्यायात प्रभू असेही म्हणतो की तुम्ही प्रार्थनेला उभे राहता तेव्हा कोणाविरुद्ध तुमच्या मनात काही असेल तर क्षमा करा. तिथे समोरच्याच्या पश्चात्तापाची अट नाही, कारण तो माणूस तिथे हजरच नाही. मला वाटते, ही दोन वचने दोन वेगळ्या कामांविषयी आहेत. प्रार्थनेला उभे असताना जे करायचे ते ऋण सोडणे, आणि ते एकट्याने करता येते. भावाला गाठून जे करायचे ते समेट, त्याला दोघे लागतात. पौलानेही रोमकरांना शांतीने राहा असे सांगताना 'शक्य असेल तर' आणि 'तुमच्याकडून होईल तितके' अशा दोन मर्यादा घातल्या आहेत. योसेफानेही कदाचित भावांना आधीच सोडले असेल. थोरल्या मुलाचे नाव त्याने मनश्शे ठेवले, त्याचा अर्थच विसर पाडणारा असा आहे. समेटाआधी मात्र त्याने माणसे पारखून घेतली.

आता 'ऋण' या शब्दाविषयी. नव्या करारात क्षमा करणे यासाठी जे ग्रीक क्रियापद सर्वांत जास्त येते, त्याचा साधा अर्थ सोडणे, जाऊ देणे असा आहे. पेत्र आणि अंद्रिया जाळी सोडून येशूच्या मागे गेले, तिथेही तेच क्रियापद आहे. आपल्या भाषांतरकारांना 'सोडणे' हा शब्द सापडला, हे आपले भाग्य. जे हातात घट्ट धरले आहे तेच सोडता येते. म्हणूनच 'काही झालेच नाही' असे म्हणणाऱ्याला क्षमा करता येत नाही. त्याच्या हातात सोडायला काही नसते.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील दाखला पाहा. पेत्राने विचारले, सात वेळा क्षमा करू का, आणि उत्तर मिळाले, साताच्या सत्तर वेळा. त्याला जोडून राजाची गोष्ट आहे आणि ती हिशेबाने सुरू होते. राजाने दासांचा हिशेब घ्यायला काढला. आकडा वाचून दाखवला गेला : दहा हजार तालांत. एक तालांत सुमारे सहा हजार दिनारांचा, आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. गुणाकार केला तर सहा कोटी दिवसांची मजुरी होते. हजारो जन्म घेतले तरी ती फिटायची नाही. राजाने ती सोडली. मग त्याच दासाने शंभर दिनार देणे असलेल्या सोबत्याचा गळा धरला.

हे शंभर दिनार म्हणजे किरकोळ रक्कम, असे मी अनेक वर्षे उपदेशात सांगत असे. ते चूक होते. शंभर दिवसांची मजुरी म्हणजे हातावर पोट असलेल्या माणसाचे तीन महिन्यांहून अधिक दिवसांचे अन्न आहे. प्रभूने धाकटे ऋण शून्य दाखवलेले नाही. जुनी_चिंच ताई, तुमचे शंभर दिनार खरे आहेत. त्यात एक घर आहे, आईची आठ वर्षे आहेत, आणि उसाचा रससुद्धा आहे. माझी सूचना अशी की ते आधी लिहून काढा. वहीत, साध्या भाषेत, एकेका ओळीत. त्यात विशेषणे घालू नका. 'नीच' हा शब्द ऋण होत नाही. 'आईला न सांगता घर विकले' हे ऋण होते.

एक कबुलीही देतो. सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांत एक स्त्री माझ्याकडे आली. नवरा मारत असे. मी तिला क्षमेचा उपदेश केला, दोघांसाठी प्रार्थना केली आणि तिला परत पाठवले. ती पुन्हा आली तेव्हा तिचा हात मोडलेला होता. मी ऋण सोडणे आणि पुन्हा उधार देणे यांची गल्लत केली होती. बुडीत कर्ज सोडणारा सावकार त्याच माणसाला दुसऱ्या दिवशी पुन्हा थैली उघडून देतो असे नाही. विश्वास ही नवी उधारी आहे, आणि ती ऋणकोची पत पाहून द्यायची असते. आज कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे. तेव्हा तो नव्हता, पण तिच्या माहेरची वाट होती, पोलीस ठाणे होते, आणि माझ्या घरात एक रिकामी खोली होती. साताच्या सत्तर वेळा या वचनाचा अर्थ साताच्या सत्तर वेळा मार खा असा नाही, हे तिने मला शिकवले. तिने मला क्षमा केली की नाही, हे विचारण्याचा धीर मला झाला नाही.

अलिबागहून_अश्दोद

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आजोळ अलिबागजवळचे, आता मुक्काम इस्राएलमध्ये. या धाग्यावर बोलावे की नाही असा विचार करत होतो, पण येशूने हे सारे ज्या लोकांमध्ये सांगितले त्यांची रीत माहीत असावी, म्हणून लिहितो. योम किप्पूर हा आमचा प्रायश्चित्ताचा दिवस, पण मिश्ना या आमच्या प्राचीन धर्मनियमांच्या ग्रंथात स्पष्ट म्हटले आहे की माणूस आणि देव यांच्यातल्या पापांचे प्रायश्चित्त त्या दिवशी होते. माणूस आणि माणूस यांच्यातल्या पापांचे मात्र शेजाऱ्याची समजूत काढल्याशिवाय होत नाही. बाराव्या शतकातल्या मैमोनिडीस या ज्यू धर्मपंडिताने त्याची पद्धतही घालून दिली आहे : तीन वेळा माणसे घेऊन जा, क्षमा मागा, तरीही तो देत नसेल तर पुढचा दोष त्याचा. आमच्याकडे पहिले पाऊल अपराध्याने टाकायचे असते. वेदीजवळ अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, हे डोंगरावरच्या प्रवचनातले वाक्यही बारकाईने वाचा. तिथे 'तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे' असे म्हटले आहे. म्हणजे जायचे आहे ते ज्याच्यामुळे दुसरा दुखावला गेला त्याने.

निवृत्त_पाळक

अगदी बरोबर, आणि हे आमच्या लोकांच्या लक्षात येत नाही. मात्र मत्तय १८:१५ मध्ये दुखावलेल्यालाही जायला सांगितले आहे, तेही एकट्याने, चारचौघांत नव्हे. दोघेही आपापल्या घरून निघाले तर वाटेत भेटतील, असा काहीसा हिशेब दिसतो. जुन्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात, म्हणजे १६६२ च्या, एक तरतूद आहे : ज्या दोघांमध्ये वैर आहे त्यांना समेट होईपर्यंत पाळकाने प्रभुभोजनाला येऊ देऊ नये, पण एकजण मनापासून क्षमा करायला आणि आपल्या चुकीची भरपाई करायला तयार असेल आणि दुसरा ऐकतच नसेल, तर तयार असलेल्याला येऊ द्यावे. ताईंनी प्रभुभोजन टाळू नये, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

वाडवळ_वसई

क्षमा कुठवर जाऊ शकते याचे आपल्या देशातले एक उदाहरण सांगावेसे वाटते. केरळच्या सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशात गरीब शेतकरी आणि आदिवासींमध्ये काम करत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी समंदर सिंग याने त्यांना बसमधून प्रवास करत असताना भोसकून मारले. त्यांची धाकटी बहीण, तीही संन्यासिनी, २००२ साली तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. पुढे कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी प्रयत्न केले आणि तो २००६ साली सुटला. २०१७ साली इंदूरमध्ये राणी मारियांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले.

जुनी_चिंच

वाडवळदादा, राग मानू नका, पण अशा थोर उदाहरणांनी मी दबून जाते. परक्या मारेकऱ्याला राखी बांधणाऱ्या बहिणीपुढे मी लोटांगण घालीन. पण तिने त्या माणसाबरोबर बालपणी एका ताटात जेवण केलेले नव्हते. परक्याने केलेला घाव आणि ज्याच्या तापात आपण रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवल्या त्याने केलेला घाव, हे मापायला एकच माप चालेल असे वाटत नाही. मला खून क्षमा करायचा नाही, एक सही क्षमा करायची आहे, आणि ती माझीच आहे. मी शिकलेली होते, कागद वाचता येत होता. आईला सही करायला मीच सांगितले. आता लिहिताना कळते की वहीत पहिली ओळ माझ्या नावावर पडणार आहे.

रानजाई_७

ताई, आपल्या नगरचेच एक उदाहरण देते, आणि ते संसारातले आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंना मागे ठेवून, त्यांच्या संमतीशिवाय घेतला. नवरा जिवंत असून त्या काळातल्या ब्राह्मण कुटुंबात एकट्या पडलेल्या बाईची काय अवस्था झाली असेल, ते सांगायला नको. काही वर्षे दोघे वेगळे राहिले. मग त्या त्यांच्याकडे परतल्या आणि १९०० साली त्यांनी स्वतः विचार करून बाप्तिस्मा घेतला. उतारवयात त्यांनी 'स्मृतिचित्रे' लिहिली, त्यात टिळकांचा संताप, लहरीपणा, हातातला पैसा कुठे तरी उधळून येणे, सगळे आहे. एकही रक्कम खोडलेली नाही. तरी वाचणाऱ्याला कुठे वसुलीचा सूर ऐकू येत नाही, उलट हसू येते. करिंथकरांच्या पत्रात प्रीती 'अपकार स्मरत नाही' असे आपण वाचतो. तिथला मूळ शब्द हिशेबाच्या वहीत नोंद धरण्याचा आहे असे आमचे पाळक सांगतात, आणि लक्ष्मीबाई वाचल्यावर मला ते पटले. आठवण राहते, फक्त खाते बंद होते.

कीस_पाडणारा

मी फक्त वाचणार होतो, पण राहवत नाही. 'आम्ही सोडले, म्हणून तू सोड' हा देवाशी केलेला सौदा नाही का? आणि सौदाच असेल तर त्यात समोरच्या माणसाविषयी प्रेम कुठे आले?

निवृत्त_पाळक

दाखल्यातला क्रम पाहा. राजाने आधी सोडले, दासाने नंतर गळा धरला. आपण सोडतो ते मिळालेल्यातून. प्रेमाविषयी म्हणाल तर ते पहिल्या दिवशी असावेच लागते असे मला वाटत नाही. पुष्कळदा माणूस आधी आज्ञा म्हणून हात उघडतो आणि प्रेम फार उशिरा येते. कधी येतही नाही, तरी हात उघडलेला राहतो.

उशिरा_आलेला

हा धागा दोन दिवस वाचतो आहे. मी ताईंच्या भावाच्या जागी उभा असलेला माणूस आहे. घराऐवजी जमीन होती आणि बहिणीऐवजी धाकटा भाऊ होता, एवढाच फरक. 'झाले गेले विसर' हे वाक्य मीही म्हटले आहे, म्हणून ते आतून कसे असते ते सांगतो. तो उद्दामपणा दिसतो, पण ती भीती असते. 'चुकलो' म्हटले की पुढचा प्रश्न 'मग परत कधी करतोस?' हा असतो, आणि माझ्याकडे परत करायला काही उरले नव्हते. जमिनीचे पैसे धंद्यात गेले होते आणि धंदा बसला होता. बायकोला पूर्ण आकडा ठाऊक नव्हता. म्हणून मी सणाला बोलावत राहिलो, मिठाई पाठवत राहिलो, आणि तो आला नाही की त्यालाच आकसखोर ठरवत राहिलो.

एक दिवस भाऊ घरी आला आणि उभ्या उभ्या म्हणाला, "मी तुला क्षमा केली आहे." मला आनंद व्हायला हवा होता. मला प्रचंड राग आला. क्षमा करणे म्हणजे आधी आरोप ठेवणे असते, आणि मी तो आरोप स्वतःजवळसुद्धा मान्य केलेला नव्हता. मी त्याला बाहेरचा रस्ता दाखवला. 'चुकलो' म्हणायला मला त्यानंतर चार वर्षे लागली. ताई, तुमच्या क्षमेने भाऊ विरघळेल अशी आशा ठेवून ती करू नका. माझ्यासारखी माणसे क्षमा मिळाल्यावर आधी चिडतात.

बिनधास्त_बेरियन

हे वाचून माझा मुद्दा थोडा मागे घेतो. पश्चात्ताप आधी पाहिजे असे मी म्हणालो, पण तुमच्या बाबतीत क्षमा आधी आली आणि पश्चात्ताप तिच्यामागून चार वर्षांनी चालत आला. समेटापुरता मात्र 'तर' कायम ठेवतो.

रानजाई_७

उधळ्या पुत्राच्या दाखल्यात धाकटा परतल्यावर बाप मेजवानी देतो, तेव्हा रागावलेला थोरला भाऊ शेवटी अंगणातच उभा असतो. बाप बाहेर येऊन त्याला विनवतो, पण तो आत गेला की नाही हे लूक सांगत नाही. ताई, तुम्ही मांडवात गेलात की नाही ते आम्हांला मात्र कळवा.

जुनी_चिंच

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. पाळकसाहेबांच्या सांगण्याप्रमाणे वही केली. विशेषणे गाळल्यावर बारा वर्षांच्या रागाच्या फक्त पाच ओळी झाल्या, याचे मला थोडे वाईटच वाटले. पहिली ओळ : आईला सही करायला मी सांगितले. दुसरी : आईला न कळवता घर विकले. तिसरी : घराच्या पैशातून आईला काही दिले नाही. चौथी : आठ वर्षांत आईच्या औषधपाण्याला एक पैसा पाठवला नाही. पाचवी : दफनाच्या दिवशी माझ्याशी बोलला नाही.

शनिवारी दुपारी, घरात कोणी नसताना, त्याला फोन केला. क्षमा हा शब्द वापरला नाही. उशिरा_आलेला यांनी सावध केलेच होते. मी म्हणाले, लग्नाला येण्याआधी मला पाच ओळी वाचून दाखवायच्या आहेत, त्यातली पहिली माझी आहे. वाचून झाल्यावर सांगितले की यातले काही मी यापुढे मागणार नाही, तुझ्याकडेही नाही आणि नातेवाइकांत तुझे नाव काढूनही नाही. आईचे पवित्र शास्त्र, ज्याच्या पहिल्या पानावर आम्हा दोघांच्या जन्मतारखा तिच्या हाताने लिहिलेल्या आहेत आणि जे त्याने मुलीला देण्यासाठी मागितले होते, ते मात्र माझ्याकडेच राहील.

बराच वेळ पलीकडून काही ऐकू आले नाही. फोन कटला की काय असे वाटले. मग तो म्हणाला, "चौथी ओळ चुकीची आहे. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी मी दोनदा पैसे पाठवले होते. तिच्या खात्यावर. तुला सांगू नकोस म्हणून मीच तिला म्हटले होते."

आईचे पासबुक ट्रंकेत होते. काढून पाहिले. दोन्ही नोंदी आहेत, एका महिन्याच्या अंतराने. आई कधी बोलली नाही. मी चौथी ओळ खोडली आणि त्याला परत फोन करून तसे सांगितले.

बिनधास्त_बेरियन

आणि बाकीच्या ओळी?

जुनी_चिंच

त्या बरोबर आहेत असे तो म्हणाला नाही. चुकीच्या आहेत असेही म्हणाला नाही. लग्न पुढच्या गुरुवारी आहे, सकाळच्या एसटीने निघते आहे. मुक्काम मावसबहिणीकडे करणार, त्याच्या घरी नाही.